पाऊण तासाचा थांबा

जंगलाला टेकलेल्या आमच्या ओलिवा पेठेत तुम्ही कुणालाही पगार विचारा, सांगेल. आजार विचारा, रिपोर्टांसकट सांगेल. सुनेशी का पटत नाही हे तर न विचारता सांगेल. पण सप्टेंबरात भरली टोपली घेऊन जंगलातून उतरणाऱ्या माणसाला 'अळंब्या कुठे मिळाल्या?' असं विचारायचं नसतं. विचारलंत तर तो 'जंगलात' म्हणेल आणि चालू लागेल. सख्खा भाऊ असला तरी हेच म्हणेल. किंबहुना सख्खा भाऊ असला तर जरा जास्तच जोरात म्हणेल.

हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरीही माझ्या हातून जे झालं ते झालं, आणि त्याचं सगळं खापर मी सायकलीवर फोडतो.

सायकल आली ती डॉक्टरांमुळे. वय बावन्न, नोकरी नगरपालिकेच्या पाणी खात्यात, दिवसभर खुर्ची आणि टेबल. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून नुसता सुस्कारा सोडला. पैसे घेऊन सुस्कारा सोडणारा डॉक्टर मला मुळीच आवडत नाही. पण बोझेनाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो सुस्कारा घरी आणून रोज जेवताना सोडायला सुरुवात केली, तेव्हा काहीतरी करणं भाग पडलं.

'ग्रॅव्हल सायकल घ्या, झेनोनराव,' खालच्या मजल्यावरचे कोनराडकाका म्हणाले. कोनराडकाका ऐंशीच्या घरातले. जन्मभर मालवाहू जहाजांवर रेडिओ सांभाळला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीला सल्ले पुरवतात. नळ गळो, मुलगा नापास होवो, काकांचा सल्ला तयार. ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, तर हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाड, खडीच्या आणि मातीच्या वाटांवर चालणारे. धड रस्त्याची नाही, धड डोंगराची नाही, आणि किंमत मात्र दोन्हींची मिळून.

सायकल घरी आली त्या दिवशी सगळी इमारत अंगणात उतरली. चाकात हवा किती असावी यावर तिसऱ्या मजल्याचं एक मत, पहिल्याचं दुसरं. एकाने भरली, दुसऱ्याने सोडली, तिसऱ्याने परत भरली. एक बाई तर म्हणाल्या की त्यांच्या मावसभावाच्या सायकलीचा टायर फुटून मांजर मेलं होतं. शेवटी चाक सगळ्यांच्या मताने चालायचं ठरलं, म्हणजे त्या दिवशी ते चाललंच नाही.

कपड्यांचं तर बोलूच नका. मी ती अंगाला चिकटलेली, मागे उशी शिवलेली तोकडी विजार घालून प्रथमच खोलीबाहेर आलो, तेव्हा सोफ्यावर सासूबाई विणत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

'जावईबापू,' त्या म्हणाल्या, 'बाहेर निघालात? विजार विसरलात की.'

आणि कोनराडकाकांनी माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप घातलं. कुठून निघालो, कुठे चढलो, कुठे थांबलो, सगळं नकाशावर रेघेने उमटतं. मी म्हटलं, काका, मला कशाला हवंय हे? काकांचा चेहरा एकदम जहाजावरचा झाला. 'झेनोनराव, नोंद नाही म्हणजे प्रवास नाही.' मग त्यांनी मला 'बीचखालची मंडळी' (बीच म्हणजे आमच्या जंगलातलं झाड, समुद्रकिनारा नव्हे) नावाच्या त्यांच्या गटात जोडून टाकलं. गटात पेठेतले सगळे सायकलवाले: माझे दात काढणाऱ्या डॉक्टर मालविना, चर्चचे फादर हिलारी, अशी बडी बडी माणसं. प्रत्येकाची रेघ प्रत्येकाला दिसते. मला वाटलं, वा, समाजात आपली ऊठबस वाढली.

आमच्या घरामागे रस्ता संपतो आणि जंगल सुरू होतं. बीचची उंच राखाडी झाडं, खाली गेल्या साली पडलेल्या पानांचा गुडघाभर थर, आणि डोंगर असे की एक चढ संपला म्हणून हुश्श करावं तर समोर दुसरा उभा. सारं संरक्षित. पहिल्याच दिवशी मी एका उतारावर पानांत शिरलो तो थेट एका रानडुकरीणबाईंच्या कुटुंबासमोर निघालो. त्यांनी माझ्या विजारीकडे पाहिलं आणि सासूबाईंसारखाच चेहरा केला. मी वाट फुटेल तिकडे सायकल हाणली. वाट फुटली ती एका वनरक्षकासमोर.

'इथे सायकल चालवता येत नाही,' तो म्हणाला.

'पण पाठीमागे तर येते!'

'पाठीमागे साधं संरक्षित जंगल. इथून राखीव भाग. तिथे चालते, इथे नाही.'

'अहो, मध्ये कुंपण नाही, पाटी नाही...'

'पाटी आहे. बीचमागे आहे. झाड वाढलं त्याला मी काय करू?'

'मग आता घरी कसा जाऊ?'

'जा की. सायकल उचलून जा. उचललेली सायकल म्हणजे सामान. सामानाला बंदी नाही.'

मी, नगरपालिकेचा वरिष्ठ कारकून, स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन डोंगर चढलो. वर पोचतो तो फोन किणकिणला. गटावर फादर हिलारींनी लिहिलं होतं, 'झेनोनराव, वेग पाहून काळजी वाटली. प्रार्थना करू का?'

इथवर सगळं नुसतं माझ्या अब्रूवर होतं, आणि अब्रू जाण्याची मला सवय आहे. खरा घोळ पुढे झाला.

सासूबाई, म्हणजे गेर्त्रुदाबाई, त्या वसंतात खुब्याचा सांधा बदलून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दर शरदात त्या एकट्या जंगलात जायच्या आणि टोपलीभर जाड देठाच्या, तपकिरी टोपीच्या अळंब्या घेऊन यायच्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बीटाच्या सारात ज्या चिमुकल्या करंज्या सोडतात, त्यांत याच वाळवलेल्या अळंब्यांचं सारण. ते नसलं तर आमच्याकडे नाताळ आला असं कोणी म्हणत नाही. ती जागा त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवलेली. वडील म्हणजे त्यांच्या लेखी देवमाणूस. जागा त्यांनी नवऱ्याला मरेपर्यंत सांगितली नाही. तो बिचारा बाजारातून आणतात असं समजून वारला. मुलीला तर नाहीच, कारण बोझेनाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

एका सकाळी बोझेना बाहेर गेल्याचं बघून सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. काठीने दार लोटलं. मला वाटलं, मृत्युपत्र.

'जावईबापू, यंदा मला जंगलात जाता येणार नाही. तुम्ही त्या उघड्या पायांनी रोज जाता. तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही. त्या वेषातल्या माणसाला काही कळत असेल असं कोणाला वाटतच नाही.'

मी अपमान गिळला. कारण पुढे त्या जे बोलल्या त्यापुढे अपमान काहीच नव्हता. त्यांनी जागा सांगितली! जुन्या गिरणीकडून वर, तिसऱ्या वळणावर दोन बुंध्यांचं बीच, तिथून पश्चिमेच्या उताराने खाली. 'नंतर नाकाला विचारा,' त्या म्हणाल्या. 'आणि नीट ऐका. ही जागा उभ्या जन्मात मी कोणाला दिलेली नाही. तुमच्यामुळे बाहेर फुटली, तर मी माझं सामान बांधून वृद्धाश्रमात जाईन. आणि बोझेनाला कारणही सांगेन.'

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. या बाईंनी मला कधी दुसऱ्यांदा 'घ्या' म्हणून वाढलं नव्हतं. आणि आज माझ्या हाती त्यांनी अख्खं आयुष्य ठेवलं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

जागा सापडली. पानं जरा बाजूला केली आणि मी मटकन खालीच बसलो. एकेक अळंबी अशी की मुठीत मावेना, टोपी पावासारखी खरपूस, वर एक किडा नाही. पाऊण तास मी लहान पोरासारखा गुडघ्यांवर रांगत होतो. पाठपिशवी भरली. निघताना अभिमान अंगात मावेना म्हणून एक फोटो काढला. पण मी काय कच्चा आहे? अळंब्यांचा नाही काढला. बीचला टेकून उभी सायकल, बस. गटावर टाकला आणि खाली लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत.'

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पिशवीत नाक घातलं आणि म्हणाल्या, 'बसा जावईबापू. चहा घ्या.' बोझेना स्वयंपाकघराच्या दारात पुतळ्यासारखी उभी राहिली. आईच्या तोंडून हे वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

शनिवारी पुन्हा गेलो. दोन बुंध्यांच्या बीचपाशी सायकल टेकवायला गेलो, तर तिथे आधीच एक सायकल टेकलेली. उतारावर पानांत कोणीतरी ओणवं होतं. डोक्यावर हेल्मेट, हातात सुरी. माझ्या पायाखाली काटकी मोडली तसं ते वर वळलं.

डॉक्टर मालविना! त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एरवी आमच्या भेटीत तोंड उघडं ठेवायचं काम माझं असतं.

'झेनोनराव! शरम नाही वाटत?' त्या किंचाळल्या. 'माझ्या आजीची जागा!'

'तुमच्या आजीची? ही माझ्या सासूबाईंची...'

'कोण आहे तिकडे?' खालच्या झुडपातून दमदार आवाज आला आणि टोपली पोटाशी धरून फादर हिलारी वर आले. मला पाहिलं, डॉक्टरांना पाहिलं, आणि चांगला धष्टपुष्ट माणूस पांढराफटक पडला. 'देवा! अहो, ही जागा तर फक्त मला...'

'तुम्हाला कोणी सांगितली, फादर?' डॉक्टरांनी दात उपटायच्या आवाजात विचारलं.

फादर झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले. 'ते मला सांगता येणार नाही,' ते पुटपुटले. मग आमच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला की जे सांगता येत नाही ते फादरांच्या कानी कुठे पडतं. डॉक्टरांनी छातीवर क्रूस काढला. मरणाच्या दारात कोणी म्हातारा पापांची कबुली देता देता अळंब्यांची जागाही देऊन गेला असणार, आणि फादरांनी पापं तेवढी विसरून जागा लक्षात ठेवली.

'पण तुम्ही आज इथे कसे?' मी विचारलं.

दोघांनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा ती रानडुकरीणबाई आठवली. डॉक्टरांनी फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. नकाशा. माझी लाल रेघ गिरणीकडून वर चढली होती, तिसरं वळण घेतलं होतं, आणि उतारावर एक ठसठशीत ठिपका: 'थांबा, पाऊण तास.' अख्ख्या गटाला दिसेल असा.

'सप्टेंबरात, पावसानंतर, बीचच्या उतारावर पाऊण तास!' डॉक्टर ओरडल्या. 'ओलिव्यातलं तान्हं मूलसुद्धा समजेल! तुमच्या आधी येऊन जागा साफ करायची म्हणून मी पेशंट टाकून आलेय!'

'मीसुद्धा,' फादर म्हणाले. 'म्हणजे, पेशंट नाही.'

मी बीचला धरलं. माझ्या मनासमोर सासूबाईंचं बांधलेलं सामान आलं, वृद्धाश्रमाचं फाटक आलं, आणि कारण ऐकून घेतलेल्या बोझेनाचा चेहरा आला. तेवढ्यात वरून सायकलची घंटी वाजली. कोनराडकाका. हातात टोपली. तेही. मी आता धक्का बसायच्या पलीकडे गेलो होतो, पण काका ज्या तऱ्हेने थांबले ते पाहून पुन्हा बसला. जन्मभर सगळ्यांना सल्ला देणारा माणूस टोपली पाठीमागे लपवत होता.

'काका, तुम्हाला कोणी दाखवली?' मी विचारलं.

काकांनी टोपली खाली ठेवली. 'उद्या तुमच्याकडे येतो, झेनोनराव. गेर्त्रुदाबाईंशी बोलायचंय.'

'काका, पाया पडतो, त्यांना सांगू नका! माझा संसार...'

'तुमच्याबद्दल नाही,' काका म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत निघून गेले.

त्या रात्री मी झोपलो नाही. रविवारी चर्चमध्ये फादर हिलारींनी लोभावर प्रवचन दिलं आणि सबंध वेळ माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर मालविना दोन रांगा पुढे, त्यांनी मान वळवली नाही. मी घरी येऊन बोझेनाला म्हटलं, समज, उद्या मी नसलो तर? ती म्हणाली, सूप निवतंय.

दुपारी घंटी वाजली. कोनराडकाका, काळा सूट, टाय, हातात शेवंतीची पाच पांढरी फुलं. बोझेनाने त्यांचे बूट काढून घेतले आणि पाहुण्यांच्या सपाता दिल्या. उरलेला जोड नेमका तिचाच, गुलाबी, सशाच्या कानांचा. सूट, टाय आणि सशाचे कान अशा अवस्थेत काका सासूबाईंसमोर उभे राहिले. चाळीस वर्षं हे दोघं एकाच पेठेत राहिलेले, वसंतापासून तर एकाच इमारतीत, आणि जिन्यात 'नमस्कार' पलीकडे मी यांचं काही ऐकलेलं नाही.

'गेर्त्रुदा,' काका म्हणाले.

बोझेनाच्या हातून चमचा पडला. सरळ एकेरी!

'ती उतारावरची जागा मला ठाऊक आहे. आज नाही, पहिल्यापासून. तुझ्या वडिलांनीच दाखवली.'

'खोटं!' सासूबाईंनी काठी आपटली. 'बाबांनी ती फक्त मला दाखवली!'

'तुझ्या आधी मला दाखवली. मी तुझ्या घरी मागणी घालायला आलो होतो तेव्हा.'

बोझेना खुर्चीचा अंदाज न घेताच बसली आणि नशिबाने खुर्ची होती.

'बाबा मला म्हणाले तू आलाच नाहीस,' सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

'आलो होतो. ते म्हणाले, बोटीवरच्या माणसाला मुलगी देणार नाही. पण तू भला पोरगा आहेस, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि मला जंगलात घेऊन गेले.'

'आणि तू घेतलीस? माझ्या बदल्यात अळंब्या घेतल्यास?'

काकांनी मान खाली घातली. 'बावीस वर्षांचा होतो, गेर्त्रुदा. घाबरलो होतो. आणि त्या वर्षी पीकही फार आलं होतं.'

मला वाटलं, आता काठी बसणार. काठी उचललीसुद्धा गेली. पण ती मधेच थांबली, आणि सासूबाई विचित्र हसल्या. 'मला ती कधी दाखवली माहितेय? त्याच शरदात. मी रडत बसले होते म्हणून. म्हणजे बाबांनी एकाच जागेत आपल्या दोघांची बोळवण केली.' देवमाणूस भिंतीवरच्या फोटोत मिशीआडून शांत बघत होता. बोझेनाने उठून तो फोटो उलटा केला. आजोबांबद्दल तिने असं काही केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

'पण मी तुला तिथे बघायचे,' सासूबाई हळूच म्हणाल्या. 'दर वर्षी. बोटीवरून सुट्टी काढून यायचास आणि वरच्या बाजूला बीचमागे लपायचास. तुझं पोट त्या झाडामागे मावायचं नाही. मी मुद्दाम वर बघायची नाही. मला वाटायचं...' त्या थांबल्या. जन्मात कधी वाक्य अर्धवट न सोडणारी बाई वाक्य अर्धवट सोडून बसली. मग एकदम तडकल्या. 'मूर्ख होते मी! तू अळंब्यांसाठी येत होतास! त्या माझ्या बाबांच्या लाचेसाठी!'

'तू वेचून गेलीस की मी उतरायचो,' काका म्हणाले.

'माझ्यामागे काय उरणार तिथे? मी एक ठेवत नाही.'

'काही नाही उरायचं. देठं.'

'मग कशाला यायचास?'

काकांनी मान वर केली. त्या गुलाबी कानांवर उभं राहूनही ते मला एकाएकी फार उंच वाटले.

'अळंब्यांसाठी येत असतो,' ते म्हणाले, 'तर तुझ्या आधी आलो असतो, गेर्त्रुदा.'

सासूबाईंनी सोफ्यावरचं विणकाम उचलून मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा मोकळी केली. मी कोपऱ्यात उभा राहून खिशातला फोन काढला आणि तो पाऊण तास नकाशावरून पुसून टाकला. माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.